कप्तानाच्या खोलीतला वास

लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी माझं तोंड नीट पाहायच्या आधी माझ्या केसांचा वास घेतला. "तेल सुगंधी आहे," म्हणाल्या. "उद्यापासून नको." मी मनात म्हटलं, बाई, झाली सुरुवात. सासू म्हटली की सूचना आल्याच, हे माहेरी सगळ्यांनी बजावलं होतं. पण पहिलीच सूचना तेलावर येईल असं कुणी सांगितलं नव्हतं. महिन्याभरात माझा साबण गेला, पावडर गेली, खिडकीतली फुलांची कुंडी शेजारणीकडे गेली. सासुरवास म्हणतात तो हाच का, असं नवऱ्याला विचारलं तर तो हसला आणि बाहेर निघून गेला. आईचा विषय निघाला की त्याला बाहेर हमखास काम असतं.

कारण साधं होतं. सासूबाईंचं पोट त्यांच्या नाकावर चालायचं. बोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात त्या वास शोधायचं काम करायच्या. असंही काम असतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी तोंडावर हसले असते. पण बोट म्हणजे पाण्यावर ठेवलेला बंद डबा. त्यात संडासाची टाकी, इंजिनाचं तेल, तळाशी साचलेलं पाणी, ओले दोर, ओल्या गाद्या, आणि या सगळ्याच्या वर माणसं. कुजतं एकीकडे आणि वास येतो दुसरीकडून. मालक आधी स्वतः शोधतात, मग घरच्यांवर चिडतात, मग बाटलीभर अत्तर ओततात आणि शेवटी सासूबाईंना बोलावतात. अशा एका मालकाला त्या म्हणाल्या होत्या, "आधी तुमच्याकडे एकच वास होता. आता दोन झालेत. मी एकाचं काम करू की दोन्हींचं?"

कारखान्यात त्या लागल्या होत्या बोटींच्या तळाचं घाण पाणी उपसायला. सासरे लवकर गेले, मुलगा लहान, आणि बाईमाणसाला तिथे तेवढंच काम मिळायचं. उपसता उपसता त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक बोटीच्या पाण्याचा वास निराळा असतो. एकदा मिस्त्री तीन दिवस इंजिन खोलून तेलाची गळती शोधत होता. सासूबाईंनी बादली नाकाशी धरली आणि म्हणाल्या, हे इंजिनाचं तेल नाही, सुकाणूच्या पंपाचं आहे. निघालं सुकाणूचंच. मिस्त्री आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही, पण पुढच्या वेळी बादली घेऊन तोच आला.

त्यांची पद्धत मला तोंडपाठ आहे, कारण तिचा अर्धा भाग माझ्या स्वयंपाकघरात पार पडायचा. मी घरी बसून बोटींच्या सीटची कव्हरं आणि पडदे शिवते. उरलेल्या पांढऱ्या कापडाच्या चिंध्या सासूबाई घेऊन जायच्या. बोटीवर गेलं की एकेक चिंधी गरम पाण्यात पिळून एकेका नळीवर गुंडाळायची, थंड होऊ द्यायची आणि झाकणाच्या बरणीत बंद करायची. नळी आतून कुजली असेल तर वास भिंतीतून झिरपतो आणि ओल्या कापडात उतरतो. बरणीवर फक्त आकडा. कुठल्या नळीचं कापड, ते वहीत. "नाव लिहिलं की नाक आधीच निकाल देऊन मोकळं होतं," असं त्या म्हणायच्या. मग त्या बरण्या रात्रभर माझ्या साखरेच्या डब्याशेजारी. सकाळी, चहाच्याही आधी, एकेक झाकण उघडून वास घ्यायचा. बोटीवर असो की घरी, चार श्वासांच्या वर नाही. मग मोकळ्या हवेत जायचं, स्वतःच्या कोपराच्या खळग्यात नाक खुपसायचं, आणि मगच पुढचे चार. "पाचवा श्वास खोटं बोलतो," हा त्यांचा कायदा होता.

एकदा मलाही हुक्की आली. बरण्या हुंगून मी छातीठोकपणे सांगितलं, तीन नंबर. तीन नंबरमध्ये त्यांनी मुद्दाम कोरी चिंधी ठेवली होती. "तुझं नाक चष्मा टेकवायला ठीक आहे," म्हणाल्या. चारचौघींत नाही म्हणाल्या, एवढी त्यांची कृपा.

आता त्या प्रवासी बोटीचं सांगते. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती माणसं या काठावरून त्या काठावर नेते, मध्ये थांबे घेते. तिचे कप्तान वयस्कर होते, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. बायको गेल्यावर त्यांनी भाड्याचं घर सोडलं आणि कंपनीच्या परवानगीने बोटीच्या पुढच्या टोकाशी असलेल्या लहानशा खोलीत राहायला आले. खोली कसली, एक बाक, त्यावर गादी, एक फळी, एक पंखा, किटली आणि खिळ्यांना लटकवलेले तीन शर्ट. गादीचं कव्हर मीच शिवून दिलं होतं. "चेन लावा बरं का, धुवायला काढता आलं पाहिजे," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. इतका टापटिपीचा माणूस मी माझ्या माहेरीही पाहिला नाही, आणि माझं माहेर टापटिपीसाठी बदनाम आहे.

तर त्या बोटीवर सकाळच्या पहिल्या फेरीला वास येऊ लागला. सडक्या अंड्यांचा. दुपारपर्यंत वारा लागून जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. प्रवाशांनी तक्रारी केल्या, सफाईवाल्यांनी फिनेल ओतलं, मग सासूबाईंना बोलावणं आलं. अकरा बरण्या माझ्या फळीवर आल्या. सकाळी पाच नंबरची उघडली आणि त्यांनी मान मागे घेतली. संडासाची नळी. बोट चार दिवस कारखान्यात वर ओढली, नळी बदलली, टाकी धुतली, तळ कोरडा केला. तेवढे दिवस कप्तान बहिणीकडे जाऊन राहिले. बोट पाण्यात उतरली तेव्हा वासाचा मागमूस नव्हता. सासूबाईंनी ऐटीत अहवालावर सही केली: वासाचे कारण सापडले व दूर केले, बोटीवर आता वास देणारी एकही वस्तू नाही.

तीच सही पुढे आम्हाला भोवली. कप्तान बहिणीकडून परत आले आणि तिसऱ्या दिवशी वास परत आला.

कंपनीचा मॅनेजर नवीन होता. कडक इस्त्रीचा शर्ट, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. त्याने सासूबाईंना बोलावून घेतलं. कव्हरांची मापं घ्यायला मीही बरोबर गेले होते, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

"बाई, नळी नवी आहे. टाकी धुतलेली. तळ कोरडा. वास देणारी एकही वस्तू नाही, असं तुम्हीच लिहून दिलंत. मग आता उरलं काय?"

"काय उरलं?" सासूबाईंनी विचारलं.

"माणूस."

मला वाटलं गंमत करतोय. पण तो हिशेब मांडूनच बसला होता. कप्तान बहिणीकडे गेले, वास गेला. ते आले, वास आला. मागे ते आठवडाभर रजेवर होते, बदली चालक होता, तेव्हाही एक तक्रार नाही. "आणि मी त्यांना विचारलं, तर म्हणतात मला काही वास येत नाही. आपला वास आपल्याला कधी येतो का?"

ज्या बाईने मालकांना, मिस्त्र्यांना आणि मला वीस वर्षं उत्तरं दिली, तिने नुसती अहवालावरची आपली सही पुन्हा वाचली. मला त्या मॅनेजरचा इतका संताप आला, आणि खोटं कशाला बोलू, थोडा सासूबाईंचाही आला.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच्या फळ्यावर पत्रक लागलं. "प्रवाशांच्या तक्रारींचे कारण चालकाचे बोटीवरील वास्तव्य हे असल्याचे निष्पन्न झाले आहे. योग्य ती कारवाई केली आहे." खाली मॅनेजरची सही. कप्तानांना खोली सोडायला सांगितली, बोट बदली चालकाकडे दिली. गादी सफाईवाल्यांनी कचऱ्याच्या पिंपाशेजारी टाकून दिली. ती मीच उचलून घरी आणली. कव्हर माझ्या हातचं होतं, चेन माझ्या हातची होती. मी त्या गादीत तोंड खुपसून वास घेतला. कसलाही वास नव्हता. पण माझ्या नाकाला विचारतो कोण?

दोन दिवसांनी कप्तान आमच्या दारात आले. आत या म्हटलं तर येईनात. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, हात मागे बांधून.

"ताई, तुम्ही याच कामातल्या आहात. मला एकदा खरं सांगा. येतो का?"

"काय येतो?"

"बहीण नाही म्हणते, पण ती बहीण आहे. मी दिवसातून तीनदा आंघोळ करतोय. काल दुकानात गेलो, तर पुढचा माणूस सरकून उभा राहिला. त्याला सामान घ्यायचं असेल, मला माहीत आहे. पण मी तसाच परत आलो."

सासूबाई उठल्या. उंबरा ओलांडून त्यांच्यापाशी गेल्या, कॉलरशी नाक नेलं, मग मानेपाशी, मग हात पुढे करायला लावून तळव्याशी. चार श्वास. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं की चार श्वासांनंतर त्यांनी कोपरात नाक खुपसलं नाही.

"साबणाचा येतो," म्हणाल्या. "हलक्यातला आहे. बाकी काही नाही."

कप्तानांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. माणसाच्या मनात एकदा असला किडा सोडला की तो एका श्वासाने थोडाच निघतो!

ते गेल्यावर सासूबाई पाटावर टेकल्या. मग म्हणाल्या, "माझ्या सहीने त्याचं तोंड काळं झालं. एकही वस्तू नाही असं मी लिहिलं. सापडलं तेवढं लिहायचं होतं. न सापडलेल्याची हमी कशाला दिली मी?" त्यांनी चूक कबूल केलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मी चहा ठेवला. दुसरं काय करणार?

सकाळी त्या मॅनेजरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. परवानगी वगैरे मागितली नाही, थेट सांगितलं.

"आठवड्याच्या सुट्टीला बोट उभी असते. त्या दिवशी मी कप्तानांच्या खोलीत राहणार. ते जे जे करतात ते ते सगळं करणार. ते स्वतः बहिणीकडे असतील. वास माणसाचा असेल तर मग येणार नाही."

"आणि आला तर?"

"तर तुमचं पत्रक खोटं."

"आणि नाही आला तर?"

"तुम्ही म्हणाल त्या कागदावर सही करते, आणि हे काम सोडते."

मॅनेजर हसला. त्याला सौदा स्वस्तातला वाटला. घरी नवऱ्याने डोक्याला हात लावला. "आई, कशाला ओढवून घेतेस? नोकरी जाईल."

"जाऊ दे. नाक कुठे जमा करायला लागणार नाही ना?"

मग त्यांनी कप्तानांना बोलावून समोर बसवलं आणि फेरी संपल्यापासून ते काय काय करतात ते क्रमाने सांगायला लावलं. मी लिहून घेत होते. बिचारे अवघडले. स्वतःचं राहणं असं दुसऱ्याला मोजून दाखवायचं म्हणजे लाजच की. तरी सांगत गेले. दोर बांधतो. धक्क्यावरच्या खांबावरून विजेची वायर ओढून बोटीला जोडतो. चपला दाराबाहेर. पाय धुतो, पुसतो. वारा गार असतो म्हणून खिडकी लावून घेतो. पंखा बारीक. किटली. शर्ट धुऊन टांगतो. गादीवर बसून वर्तमानपत्र वाचतो, मग आडवा होतो. "डोकं दुखतं हल्ली सकाळी. वय झालं," असंही म्हणाले. ते मी लिहिलं नाही. यादीत कशाला, असं वाटलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सात वाजता सासूबाई आणि मी ती गादी घेऊन बोटीवर गेलो. बाकावर पसरली. सासूबाईंनी वायर जोडली, चपला दाराबाहेर काढल्या, पाय धुतले, खिडकी लावली, पंखा बारीक केला. कप्तानांचा एक शर्टही धुऊन टांगला. मग वर्तमानपत्र घेऊन गादीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "जा आता. डबा घेऊन ये दुपारी. तू इथे असलीस की मला फक्त तुझाच वास येईल." त्याही वेळी टोमणा मारायला विसरल्या नाहीत.

मी घरी येऊन मशीनवर बसले, पण शिवण सगळी वाकडी जात होती. एकाच सीटचं कव्हर मी दोनदा उसवलं. मला एकच दिसत होतं: वास आला नाही तर तो कागद कायमचा खरा ठरणार, त्या माणसाला उरलेलं आयुष्य लोकांपासून सरकून काढावं लागणार, आणि त्याच्याखाली आमच्या घरची सही असणार. साडेबाराला मी उठले, डबा भरला आणि निघाले.

बोटीवर पाय ठेवला, पुढच्या खोलीचं दार ढकललं, आणि वास असा अंगावर आला की मी दोन पावलं मागे सरकले. अंडी, सडकी अंडी, आणि त्यात काहीतरी आंबट, घशाला खरवडणारं. डोळ्यांत पाणी आलं. मी आनंदाने ओरडलेच, "आई! आला की!"

सासूबाई गादीवर बसल्या होत्या. मांडीवर कागद, हातात पेन. चेहरा उतरलेला.

"काय आला?" म्हणाल्या. "काही आलं नाही गं. नऊच्या सुमाराला जरा चाहूल लागल्यासारखी वाटली, मग तीही गेली. सहा तास बसलेय. मी हरले. तो बरोबर होता."

मला वाटलं चेष्टा करताहेत. कागदावर पाहिलं. "वास आला नाही," एवढं लिहून झालं होतं. त्यांचे डोळे लालबुंद होते आणि त्या कपाळ दाबत होत्या.

"आई, इथे श्वास घेववत नाही. बाहेर या."

"तुला काय कळतंय त्यातलं? तुझं नाक..."

"माझं नाक गेलं चुलीत! उठा आधी!"

सासूला इतक्या वरच्या आवाजात बोलायची ती माझी पहिलीच वेळ. डबा तिथेच टाकला, त्यांच्या दोन्ही काखांत हात घातले आणि ओढत धक्क्यावर आणलं. त्या उभ्या राहताना झोकांडल्या. मी त्यांना दोरांच्या भेंडोळ्यावर बसवलं आणि पदराने वारा घालत राहिले. त्या भांडत होत्या, मग भांडायच्या थांबल्या, मग ओकल्या. पाऊण तास गेला. मग म्हणाल्या, "धर मला." दारापर्यंत गेलो. त्यांनी एकच श्वास घेतला.

"अगं बाई," म्हणाल्या, आणि दाराला धरून तशाच उभ्या राहिल्या. "पाचवा नाही. पाच हजारावा श्वास घेत बसले होते मी."

त्या वासाची हीच खोड होती. तो कमी असताना नाकाला कळतो, वाढला की आधी नाकच बधिर करतो. सहा तासांत जे सासूबाईंच्या नाकाचं झालं तेच रोज कप्तानांचं होत होतं. मला वास येत नाही, असं ते म्हणाले त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

सासूबाईंनी मला आत पाऊल टाकू दिलं नाही. "गादीखालचा बाक गरम होता. मला वाटलं बसून बसून झाला असेल. आतलं काही ओढू नकोस, ठिणगी पडून हा वायू पेटेल. आधी खांबावरचं बटण बंद कर." मी बटण बंद केलं. मग मेकॅनिकला बोलावलं, दारं-खिडक्या तासभर सताड उघड्या ठेवल्या, आणि त्याने बाकाची फळी उचलली. खाली बॅटरी होती. दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप चालवणारी, इंजिनाच्या बॅटरीहून वेगळी. पोट फुगलेली, हात लावला तर चटका बसेल इतकी गरम, आणि आतलं पाणी खदखदत होतं.

"एक कप्पा मेलाय हिचा," मेकॅनिक म्हणाला. "ही भरतच नाही, आणि चार्जरला कळत नाही थांबायचं कधी. वायर जोडली की हिला उकळतच बसतो. त्यातून हा सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू सुटतो."

वायर कोण जोडायचं? फक्त कप्तान. बदली चालक बोट बांधायचा आणि सरळ घरी जायचा. बोट कारखान्यात वर ओढलेली असताना तर वायरचा प्रश्नच नव्हता. वास कप्तानांच्या मागे मागे फिरत होता तो एवढ्यासाठी.

मेकॅनिकने अजून एक सांगितलं. आणखी थोडे दिवस हे असंच चाललं असतं, तर एखाद्या सकाळी कप्तान उठलेच नसते. ते ऐकून मला ती यादी आठवली, आणि त्यात मी न लिहिलेली डोकेदुखी. सासूबाईंना मी ते तिथेच सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. "मी ऐकलं होतं की ते," म्हणाल्या. "मलाही वयच वाटलं." मग त्यांनी "वास आला नाही" लिहिलेला कागद घडी करून वहीत ठेवला. फाडा म्हटलं तर म्हणाल्या, "राहू दे. माझंही नाक फसतं, हे माझ्याच अक्षरात असलेलं बरं."

नवा अहवाल त्यांनी त्याच दिवशी दिला. पहिलं वाक्य होतं: "माझा आधीचा अहवाल चुकीचा होता." मॅनेजरने तो वाचला, फाइलमध्ये लावला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "छान झालं. कप्तानांना उद्यापासून यायला सांगा. झालं गेलं विसरून जाऊ." पत्रक त्याने संध्याकाळी स्वतःच गुपचूप काढून घेतलं.

सासूबाईंना ते पुरेसं वाटलं. मीही म्हटलं, जाऊ दे, माणसाला त्याची बोट मिळाली, खोली मिळाली, गादी मिळाली. बॅटरी नवी बसली. सकाळी पहिल्या फेरीला आम्ही दोघी मुद्दाम धक्क्यावर गेलो. प्रवासी बसले होते. कप्तान सुकाणूपाशी उभे होते, धुतलेला शर्ट, भांग नीट. सुटायची वेळ झाली. बोट सुटेना.

मॅनेजर धावत आला. "काय झालं? इंजिन?"

"इंजिन ठीक आहे," कप्तान म्हणाले. "पत्रक कुठे आहे?"

"ते काढलं मी."

"काढून काय होतंय? लोकांनी वाचलंय ते. दुसरं लावा."

"अहो, लोक खोळंबलेत. नंतर बघू."

"नंतर नको."

कुणावर आवाज न चढवणारा माणूस. त्या दिवशीही चढवला नाही. हात सुकाणूवरून काढला आणि मागे बांधून उभे राहिले. प्रवासी माना काढून पाहू लागले. कुणी घड्याळ दाखवू लागलं. सासूबाई त्यांना हळूच म्हणाल्या, "कप्तान, मिळालं ना सगळं? चालू करा बोट." त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुमची चूक तुम्ही पहिल्या ओळीत लिहिलीत. त्यांची त्यांना लिहू द्या." सासूबाई एक पाऊल मागे सरकल्या. त्यांना गप्प बसवणारा दुसरा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मॅनेजरने कपाळाला आठ्या घालत खिशातून वही काढली, एक पान फाडलं, रेलिंगवर ठेवून खरडलं आणि पुढे केलं. कप्तानांनी वाचलं: "बोटीवर कोणताही वास नाही. प्रवाशांनी निश्चिंत असावे." त्यांनी कागद परत दिला.

"असं नाही. वास होता. माझा नव्हता. दोन्ही लिहा."

"त्याने काय फरक पडतो?"

"लिहा, मग सांगतो."

मॅनेजरने प्रवाशांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. सुटका नव्हती. दुसरं पान फाडलं. लिहिलं. सही केली. कप्तानांनी ते सावकाश, ओठ हलवत वाचलं, चष्मा नीट केला आणि सुकाणूशेजारचा माइक उचलला. एरवी त्यावर ते थांब्यांची नावं सांगायचे, दुसरं काही नाही.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं," लाउडस्पीकरमधून आवाज आला. "या बोटीवर वास होता. तो खराब बॅटरीचा होता. चालकाचा नव्हता. आधीचं पत्रक चुकीचं होतं. खाली मॅनेजर साहेबांची सही आहे." मग इंजिन सुरू झालं. मी सासूबाईंचा हात घट्ट धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, आणि दोघीही आम्ही उघड्यावर, लोकांदेखत रडलो.

पुढचं आम्हाला प्रवाशांकडून कळलं. पुढच्या थांब्याला कप्तानांनी तोच कागद पुन्हा वाचला. त्याच्या पुढच्यालाही. चौथ्या थांब्यावर मॅनेजरचा फोन आला, तेव्हा बोट भरलेली होती आणि माइक चालूच राहिला होता, त्यामुळे कप्तानांचं बोलणं सगळ्या प्रवाशांनी ऐकलं.

"नाही साहेब, एकदा वाचून नाही भागणार. पत्रक अकरा दिवस फळ्यावर होतं. आज पहिलाच दिवस आहे."